'रिहला'तील न मोजलेले मृत्यू

२०२० च्या महामारीनंतर प्रवासवर्णनाचा एक वेगळाच प्रकार वाचकांपुढे आला. घरदार मोडून, गरजेपुरते सामान पाठीवर घेऊन वर्षानुवर्षे या देशातून त्या देशात राहणारी काही माणसे असतात. प्रवास ही त्यांची सुट्टी नसते, तेच त्यांचे जगणे असते. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा अशी माणसे जिथे होती तिथेच अडकली आणि त्यांपैकी अनेकांनी त्या दिवसांविषयी लिहिले. मी त्यातील थोडेफार वाचले आहे. बहुतेक लेखन रद्द झालेली तिकिटे, विलगीकरणाचे दिवस आणि परवानग्यांच्या खटपटी यांच्या हिशेबात संपते. ते खोटे नाही, पण वाचून झाल्यावर हाती फारसे उरत नाही. अशा वेळी या लेखनप्रकाराच्या मूळपुरुषाकडे वळावेसे वाटते. पावणेसातशे वर्षांपूर्वी, युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिका या तिन्ही ठिकाणी प्लेगने हाहाकार माजवला असताना, परमुलखात फिरणे हेच ज्याचे आयुष्य झाले होते असा एक मनुष्य त्या साथीच्या मधोमध चालत होता. त्याचे नाव इब्न बतूता. 'रिहला', म्हणजे प्रवास, या नावाने त्याचा ग्रंथ ओळखला जातो.

इब्न बतूताचा जन्म १३०४ मध्ये मोरोक्कोतील टँजियर या बंदरात, काझींच्या घराण्यात झाला. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हाज यात्रेसाठी निघाला आणि पुढची चोवीस वर्षे घराकडे फिरकला नाही. इजिप्त, सिरिया, इराक, पूर्व आफ्रिकेचा किनारा, मध्य आशिया, हिंदुस्थान, मालदीव असा त्याचा मार्ग आहे. तो चीनलाही जाऊन आल्याचे सांगतो, पण त्या भागाविषयी अभ्यासकांच्या मनात शंका आहेत. दिल्लीत महंमद तुघलकाने त्याला काझी नेमले होते. आपला प्रदेशही त्याच्या नजरेतून सुटलेला नाही. दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात अशी नोंद त्याने केली आहे, आणि होनावरच्या सुलतानाने सांदापूरवर, म्हणजे गोव्यावर, केलेल्या स्वारीत तर तो जातीने सामील होता. अखेर मायदेशी परतल्यावर मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून त्याने आपल्या आठवणी सांगितल्या. ग्रॅनडाहून आलेल्या इब्न जुझय्य नावाच्या तरुण कवीने त्या लिहून काढल्या. डिसेंबर १३५५ मध्ये हे सांगणे पूर्ण झाले.

म्हणजे या ग्रंथाला दोन हात लागलेले आहेत, ही गोष्ट समीक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. जगाचा अनुभव एकाचा आणि वाक्ये दुसऱ्याची. शिवाय इब्न जुझय्यने जिथे सोयीचे वाटले तिथे इब्न जुबैर या बाराव्या शतकातील प्रवाशाच्या ग्रंथातील वर्णने सरळ उचलून घातली आहेत. त्या काळी हा दोष मानला जात नसे. परंतु त्यामुळे 'रिहला' वाचताना हे पाहिलेले आहे की वाचलेले, असा प्रश्न पानोपानी पडतो.

महामारीची पाने या शंकेपलीकडची आहेत, कारण त्यांचा कोणी पूर्वसूरी नव्हता. त्यांचा क्रम असा. १३४८ च्या पहिल्या महिन्यांत इब्न बतूता पूर्वेकडून दमास्कसला पोहोचला. तेव्हा साथ तिथे आली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी तो याच शहरात आला असताना त्याने एक विवाह केला होता आणि पत्नी गरोदर असतानाच तो पुढे निघून गेला होता. मुलगा झाल्याचे त्याला हिंदुस्थानात समजले होते आणि तेथून त्याने चाळीस सोन्याच्या मोहरा सासऱ्याकडे पाठविल्या होत्या. आता शहरात पाऊल ठेवताच मुलाची चौकशी करण्यावाचून दुसरा विचार मनात नव्हता, असे तो सांगतो. उत्तर मिळाले : मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला. मग टँजियरचा एक विद्वान तिथे आहे असे कळल्यावर तो त्याच्याकडे गेला आणि आईवडिलांविषयी विचारले. वडील पंधरा वर्षांपूर्वी गेले होते. आई मात्र हयात होती.

त्यानंतर तो उत्तरेकडे अलेप्पोला गेला. जूनच्या सुमारास तिथे बातमी आली की गाझामध्ये साथ सुरू झाली असून दिवसाला हजारावर माणसे मरत आहेत. तो परत फिरला. होम्सला पोहोचला त्या दिवशी तिथे तीनशे मृत्यू झाले. मग दमास्कस. पुढे जेरुसलेम आणि नंतर गाझा, जिथे बहुतेक वस्ती ओस पडली होती आणि न्यायालयातील ऐंशी अधिकृत साक्षीदारांपैकी केवळ एक चतुर्थांश उरले होते. पुढे अलेक्झांड्रिया, तिथे साथ ओसरत होती, पण दिवसाचा आकडा १०८० पर्यंत गेला होता. त्यानंतर कैरो, आणि तिथे पूर्वी भेटलेले सगळे शेख मृत.

आकड्यांविषयी थोडे बोलले पाहिजे. दमास्कसच्या एका दिवसातील मृत्यूंचा आकडा ग्रंथात एका ठिकाणी दोन हजारांच्या घरात आहे आणि दुसऱ्या ठिकाणी २४००. कैरोसाठी एकदा २४,०००, एकदा २१,०००. कैरोचे हे आकडे इतिहासकार अर्थातच स्वीकारीत नाहीत. त्या शहराची लोकसंख्या पाहता अशी मरतूक काही आठवडे चालली असती तर तिथे प्रेते पुरायलाही कोणी उरले नसते. तथापि या विसंगतीवरून लेखकाला खोटारडा ठरविणे उतावीळपणाचे होईल. लोकांनी सांगितलेला आकडा त्याने उचलला, आणि भयभीत शहर नेहमी वाढवूनच मोजते. आपणही २०२० मध्ये रोज संध्याकाळी आकडे ऐकत होतो. त्यांतील किती आज आठवतात?

दमास्कसचा प्रसंग हा महामारीच्या पानांचा कळस आहे आणि तो सविस्तर पाहण्यासारखा आहे. सुलतानाचा प्रतिनिधी अर्घून शाह याने दवंडी पिटवून तीन दिवसांचा उपवास फर्माविला आणि बाजारात दिवसा अन्न शिजविण्यास बंदी केली. तेथील बहुतेक लोक बाजारात शिजलेलेच खात असत, हा तपशील इब्न बतूता विसरत नाही. तिसरा दिवस गुरुवारचा. त्या रात्री सरदार, काझी, पंडित आणि सामान्य जन उमय्या मशिदीत जमले आणि रात्रभर प्रार्थना करीत राहिले. पहाटेच्या नमाजानंतर सारे पायी निघाले. हातात कुराण, सरदारही अनवाणी. शहरातील लहानथोर, स्त्रीपुरुष त्यांना मिळाले. यहुदी आपल्या नियमशास्त्राचा ग्रंथ घेऊन आले आणि ख्रिस्ती लोक शुभवर्तमान घेऊन, आपापल्या बायकामुलांसह. सगळे रडत होते, आपापल्या ग्रंथांची व संदेष्ट्यांची आण घालून परमेश्वराची करुणा भाकीत होते. शहराबाहेरच्या 'पावलांच्या मशिदी'पर्यंत हा लोंढा गेला आणि दुपार होत आली तेव्हा परतला.

ज्या उमय्या मशिदीतून ही मिरवणूक निघाली ती संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाच्या प्राचीन मंदिराच्या जागी उभी आहे. संत पौलाच्या परिवर्तनामुळे हे शहर आपल्याला लहानपणापासून परिचित आहे. ६ मे २००१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे याच मशिदीत गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. आणि १४ मे २०२० रोजी महामारी निवारणासाठी सर्व धर्मीयांनी आपापल्या परीने प्रार्थना, उपवास आणि दानधर्म करावा असे आवाहन झाले, त्याला पोप फ्रान्सिस यांनी साथ दिली, तेव्हा पुष्कळांना ती अगदी नवी कल्पना वाटली. काहींना तर ती खटकलीही. दमास्कसच्या रस्त्यावर १३४८ मध्ये हेच घडले होते, आणि ते एका मुसलमान काझीने कोणतीही टीकाटिप्पणी न करता, सहज नोंदविले आहे. त्या सहजपणातच त्या नोंदीचे बळ आहे.

आता रचनेचा मुद्दा. हा प्रसंग 'रिहला'मध्ये १३४८ च्या हकिकतीत येत नाही! तो ग्रंथाच्या आरंभीच्या भागात, १३२६ च्या दमास्कस-वर्णनात येतो. पावलांच्या मशिदीचे वर्णन चालू असताना लेखकाला तो आठवतो आणि तिथेच तो सांगितला जातो. पुढे काळाच्या ओघात १३४८ साल येते तेव्हा केवळ मागचा हवाला देऊन तो पुढे सरकतो. काटेकोर वाचक याला रचनेतील ढिलाई म्हणेल, आणि संपादकाच्या दृष्टीने ती आहेही. परंतु परिणाम विलक्षण होतो. इमारतींची, दानधर्माच्या संस्थांची, बागांची वर्णने चालली आहेत, त्यांतील बरीचशी इब्न जुबैरकडून घेतलेली आहेत, आणि मध्येच बावीस वर्षांपुढचे एक शोकाकुल शहर पानावर उभे राहते. उसन्या वर्णनाच्या भिंतीत एकच खिडकी उघडी असावी, तसे वाटते. सुखी दमास्कस वाचताना पुढे काय होणार हे वाचकाला अगोदरच ठाऊक होते. इब्न जुझय्यने हे जाणीवपूर्वक केले असेल असे मला वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला आठवणी काळाच्या क्रमाने सुचत नाहीत, स्थळाच्या क्रमाने सुचतात, एवढेच.

या प्रसंगाचे गुणगान करून थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. मोरोक्कोला परतल्यानंतर इब्न बतूता समुद्र ओलांडून स्पेनमध्ये गेला. कॅस्टीलचा राजा अकरावा आल्फोन्सो हा जिब्राल्टरला वेढा घालून बसला असता मार्च १३५० मध्ये प्लेगनेच मरण पावला होता. त्या मृत्यूविषयी लिहिताना आपला प्रवासी हर्ष लपवीत नाही. जुलमी ख्रिस्ती राजाला परमेश्वरानेच नेले, असा त्याचा सूर आहे. दमास्कसमध्ये तीच साथ सर्वांवरचे संकट होती आणि ख्रिस्ती बायकामुलांचे अश्रू त्याला दिसले होते. जिब्राल्टरला ती साथ ईश्वरी न्याय ठरली. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत.

आपण ख्रिस्ती वाचकांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. त्याच काळात युरोपात यहुद्यांनी विहिरींत विष कालविल्यामुळे साथ आली, अशी आवई उठली होती. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये शेकडो यहुद्यांना जिवंत जाळण्यात आले. जाळणारे मिस्साबलिदानाला जाणारे लोक होते. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्ये आव्हिन्योंहून लेखी आज्ञापत्रे काढून यहुद्यांना संरक्षण दिले होते आणि ही साथ यहुद्यांनाही मारीत आहे याकडे लक्ष वेधले होते. पोपचे पत्र होते, तरी स्ट्रासबर्ग घडले. या पार्श्वभूमीवर दमास्कसची मिरवणूक किती दुर्मीळ होती हे कळते. ती एका दिवसाची होती, हेही.

पण मला या ग्रंथात ज्या गोष्टीपाशी थांबावेसे वाटते ती याहून लहान आहे. 'रिहला'मध्ये दोन प्रकारचे मृत आढळतात. एक नावांचे : शेख, काझी, विद्वान. दुसरे आकड्यांचे : बाकी सगळे. या दोहोंच्या मध्ये आपल्याच माणसांसाठी जागा फार थोडी आहे. मदुराईचा एक प्रसंग पाहा. १३४० च्या दशकात तो तिथे होता तेव्हाही एक साथ चालू होती. ती प्लेगचीच होती असे म्हणता येत नाही. त्याने एक दासी विकत घेतली. ती निरोगी आहे अशी हमी विकणाऱ्याने दिली होती. दुसऱ्या दिवशी ती मेली. पुढे त्याला स्वतःला ताप आला, चिंचेचे पाणी भरपूर पिऊन तो बरा झाला. चिंचेला मिळालेली जागा दासीला मिळालेल्या जागेपेक्षा कमी नाही. हे वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यावा. जगातील सर्व राजांशी बोललेल्या या मनुष्याला त्या मुलीचे नाव लिहावेसे वाटले नाही.

आणि मग ताझा. कैरोहून तो पुन्हा मक्केला गेला, हाज केला, ट्युनिसमार्गे पश्चिमेकडे वळला आणि १३४९ च्या अखेरीस मोरोक्कोतील ताझा या गावी पोहोचला. तिथे त्याला कळले की आई प्लेगने गेली. एवढे सांगून तो पुढच्या शब्दात फेझकडे निघतो आणि सुलतानाच्या स्तुतीची लांबलचक पाने सुरू होतात. विलाप नाही. ग्रंथाच्या अगदी पहिल्या पानावर त्यानेच सांगितले होते की निघताना आईवडील हयात होते, त्यांना सोडणे जड गेले आणि दोन्ही बाजूंना दुःख झाले. ते पान आणि ताझाचे हे वाक्य यांच्यामध्ये चोवीस वर्षे आणि सारे ज्ञात जग पसरलेले आहे.

अनेक वाचकांनी त्याला येथे निष्ठुर ठरविले आहे. त्यांचा युक्तिवाद दुबळा नाही. आई हयात असल्याचे दमास्कसला कळले होते. तिथून तो घराकडे निघाला नाही, अलेप्पोला गेला. साथ पाहिली, तरी घराकडे निघाला नाही, मक्केला गेला. दीड वर्षाहून अधिक काळ गेला. सरळ निघाला असता तर कदाचित भेट झाली असती. हा प्रश्न ग्रंथ उपस्थितच करीत नाही. येथे मला आपल्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ची आठवण होते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडला, लुटला गेला, जिवावरच्या प्रसंगांतून वाचला, पण गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी आला आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. मराठी मनाला प्रवासाचा शेवट असा हवा असतो. इब्न बतूताजवळ कावड नव्हती आणि घरी कोणी उरले नव्हते.

तरीही निष्ठुरतेचा आरोप मला मान्य नाही, आणि त्याचे कारण ग्रंथातच आहे. 'रिहला' हा आत्मचरित्राचा प्रकार नव्हे. विद्वानाने आपण कोणकोणत्या पुण्यवंतांना भेटलो याचा वृत्तान्त द्यावा, अशी त्या लेखनप्रकाराची रूढी होती आणि समोर दरबाराचा लेखनिक बसला होता. अशा चौकटीत आईला मुळात जागाच नव्हती. जागा नसताना ती आली आहे. शिवाय फेझच्या त्या स्तुतिपर पानांनंतर तो टँजियरला जातो, आणि कशासाठी गेला हे सांगतो : आईच्या कबरीच्या दर्शनासाठी. जन्मगावी जाण्याचे दुसरे कोणतेही कारण तो देत नाही. चोवीस वर्षांनी पाहिलेल्या गावाचे वर्णन नाही, बंदराचे नाही, नातलगांचे नाही. मशिदींच्या खांबांचे तपशील सांगणारा माणूस स्वतःच्या गावी केवळ एक कबर पाहतो. त्यानंतर तो सेउता येथे गेला आणि तिथे तीन महिने आजारी होता. या दोन गोष्टींचा संबंध तो जोडत नाही. मीही जोडणार नाही, पण त्या शेजारी शेजारी आहेत.

त्या तीन मृत्यूंना, मुलगा, वडील आणि आई यांच्या मृत्यूंना, ग्रंथात आकडा नाही. पहिले दोघे साथीपूर्वीच गेलेले, तिसरी साथीत गेलेली. कैरोच्या चोवीस हजारांपेक्षा हीच तीन माणसे मला 'रिहला'तील महामारीची खरी नोंद वाटतात, कारण साथीच्या काळातील परदेशवास म्हणजे काय हे त्यांच्यामुळे कळते. प्रवासी स्वतः वाचतो आणि बातमी त्याला रस्त्यावर गाठते, परक्या माणसाच्या तोंडून, उशिरा.

आपल्या धर्मग्रामांतून जहाजांवर आणि आखातात गेलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. नियमित सेवा पुन्हा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. मधल्या काळात परतीची विशेष विमाने होती, पण आईचे दफन अशा विमानाची वाट पाहत नसते. २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे ४ लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकून होते. इकडे दफनविधीला वीस माणसांची मर्यादा होती. घरी राहिलेल्या भावाने तोंडाला फडके बांधून शवपेटीला खांदा दिला आणि जहाजावरच्या भावाने मोबाइलच्या पडद्यावर ते पाहिले, ज्याला तेवढे तरी जाळे मिळाले त्याने. तो आला नाही, हा शब्द काही घरांत अजून उच्चारला जातो. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत एकाच थडग्यापाशी दोन भाऊ वेगवेगळ्या वेळी मेणबत्ती लावून जातात. अशा घरांत ताझाचे ते आखूड वाक्य मोठ्याने वाचावे असे मला पुष्कळदा वाटले आहे. परदेशातून परतलेला मुलगा फार बोलत नाही यावरून त्याला काही वाटले नाही, असे ठरविणाऱ्यांनी टँजियरच्या कबरीपर्यंत वाचीत जावे.

ग्रंथाचा हिंदुस्थानविषयक भाग महदी हुसेन यांच्या इंग्रजी भाषांतरात १९५३ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला आहे. महामारीची पाने मात्र त्यात नाहीत. त्यांसाठी गिब यांचे भाषांतर पाहावे लागते. त्यात जेरुसलेमचा प्रसंग अवश्य वाचावा. दमास्कसच्या मिरवणुकीइतका तो प्रसिद्ध नाही, पण मला अधिक जवळचा वाटतो. इब्न बतूता तिथे पोहोचला तेव्हा साथ थांबली होती. तेथील प्रवचनकार इब्न जमाआ याने त्याला आणि इतरांना एका मेजवानीस बोलाविले. निमित्त विचारले तेव्हा यजमानाने सांगितले की साथ जोरात असताना त्याने एक नवस केला होता : ज्या दिवशी एकाही मृतासाठी प्रार्थना म्हणावी लागणार नाही, त्या दिवसानंतर मी जेवण घालीन. आणि काल, तो म्हणाला, कोणीही आणले नाही.